सहा शत्रू जन्मापासूनच आत कशाला असतात?

सांजवारा (धागाकर्ती)

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात शाळेत बाईंनी फळ्यावर सहा शब्द लिहून दिले: काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. हे माणसाचे सहा शत्रू, यांना जिंकायचं. घरी आल्यावर दप्तर काढता काढता तिने विचारलं, "आई, शत्रू बाहेरून येतो ना? मग हे सहा आधीपासूनच आत कसे?"

"मोठी झालीस की कळेल" म्हणून मी वेळ मारून नेली, पण तेव्हापासून मला चैन नाही, कारण उत्तर मलाच माहीत नाही. उलट माझा अनुभव फळ्यावरच्या यादीशी जुळत नाही. वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी पुन्हा अभ्यासाला बसले, ते ज्ञानाच्या ओढीने नव्हे. माझ्या मागून नोकरीला लागलेल्या मुलीला माझ्या वरची जागा मिळाली आणि मला तीन रात्री झोप लागली नाही. त्या मत्सराने मला पुस्तकं उघडायला लावली. पुढे अभ्यासाची गोडी लागली हे खरं, पण पहिला धक्का त्याचाच.

तुमचे असे अनुभव आहेत का? ज्या इच्छेची किंवा भावनेची लाज वाटावी असं शिकवलं गेलं, तिनेच कधी हात दिला का? "भावनांवर ताबा हवा" एवढंच कृपया लिहू नका. ते फळ्यावर आहेच.

कवडसा

भीती. मी दोर लावून कडे उतरतो, पंधरा वर्षं झाली. दर वेळी काठावर उभं राहिलं की पोटात गोळा येतो आणि मग मी गाठ पुन्हा एकदा तपासतो. ज्या दिवशी गोळा आला नाही त्या दिवशी मी उतरलो नाही. सोबतचे म्हणाले, आज तर तू निवांत दिसतोयस. मी म्हटलं, म्हणूनच.

तळटीप

षड्रिपूंमध्ये भीती नाही, कवडसा. :) पण तुमचा मुद्दा बरोबर आहे.

सांजवारा, तुमच्या मुलीने नेमक्या जागी बोट ठेवलंय. ही गोम परंपरेतल्या जाणत्यांनाही दिसली होती. सहा रिपूंमधला पहिला काम. आणि चार पुरुषार्थ कोणते? धर्म, अर्थ, काम, मोक्ष. म्हणजे एकाच शब्दाला एका यादीत शत्रू म्हटलंय आणि दुसऱ्या यादीत आयुष्याचं उद्दिष्ट. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात काम आणि क्रोध यांना वैरी म्हटलंय. सातव्या अध्यायात तेच श्रीकृष्ण म्हणतात की धर्माला सोडून नसलेला काम तो मीच. यजुर्वेदातली एक प्रार्थना तर सरळ राग मागते: "मन्युरसि मन्युं मयि धेहि", तू मन्यू आहेस, माझ्यात मन्यू ठेव. त्याच ओळीत तेज, वीर्य, बळ, ओज हेही मागितलंय. राग त्यांच्या पंगतीला बसवलाय.

भरताचं नाट्यशास्त्र बघा. आठ स्थायीभाव, म्हणजे नाटकातल्या मूळ भावना: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. त्यातले चार आपण आज बिनदिक्कत 'निगेटिव्ह' म्हणून मोकळे होऊ. त्या चारांशिवाय नाटक उभं राहत नाही, असं ज्याने रंगभूमीचा पाया घातला त्याला वाटत होतं.

फळ्यावर यादी आली, तिच्या सोबतची ही दुसरी बाजू आली नाही.

मुक्कामपोस्ट

+१. दुसरी बाजू शाळेत कोणी शिकवतच नाही.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे. भावनांकडे वळण्याआधी वेदनेबद्दल लिहिते, कारण मला हा प्रश्न तिथून कळला.

कुष्ठरोगात बोटं झडतात असा समज फार जुना. रोगाचे जंतू मांस खातात असंच लोकांना वाटायचं. पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि रुग्णांचे हात बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की बोटांची नासधूस बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने होते. जंतू मज्जातंतू निकामी करतात, वेदना जाते, आणि मग माणूस तापलेलं भांडं तसंच धरून ठेवतो, जखम झालेल्या पायावर तसाच चालतो. दुखत नाही म्हणून तो थांबत नाही.

पुढे ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम वेदना तयार करायचा घाट घातला. हातमोज्यात दाब मोजणारी यंत्रं बसवली, दाब वाढला की आवाज. रुग्ण आवाजाकडे दुर्लक्ष करायचे. मग आवाजाऐवजी विजेचा झटका ठेवला. तर एखादं काम मनात आलं की ते यंत्र बंद करायचे, काम उरकायचे आणि पुन्हा चालू करायचे. प्रयोग सोडून द्यावा लागला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुस्तक तसंच हातात धरून बसले होते. सूचना सोयीची असली, बंद करता येण्याजोगी असली, तर माणूस ती बंद करतो. वेदना नकोशी आहे आणि तिचं बटण आपल्या हातात नाही, म्हणूनच ती राखण करते.

भीतीचंही असंच. मेंदूत भीतीशी निगडित असा अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. एका दुर्मिळ आजारात एका बाईंचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट झाले. संशोधकांनी त्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. साप हातात घेताना त्यांना फक्त कुतूहल वाटायचं. एकदा बागेत एकाने त्यांच्या गळ्याला सुरी लावली, त्यातून त्या वाचल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बागेतून चालत गेल्या. आयुष्यात त्यांच्यावर असे जिवावरचे प्रसंग पुन्हा पुन्हा आले. निर्भय होणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

२०१३ मधला एक प्रयोगही सांगते. त्याच बाईंना कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा त्या भयंकर घाबरल्या. श्वास कोंडल्याची भीती शरीराने दुसऱ्याच कुठल्या तरी वाटेने जपून ठेवली होती.

रानजाई

नाडीपरीक्षा, बाकी सगळं बाजूला ठेवून तो हातमोज्याचा परिच्छेद दोनदा वाचला.

उंबरठा

मला हा धागा वाचून अस्वस्थ व्हायला होतंय, म्हणून लिहिते.

माझे वडील तापट होते. बाहेर त्यांच्या रागाचं फार कौतुक व्हायचं. अन्याय खपवून घेत नाही, वरच्यांनाही तोंडावर सुनावतो, असं लोक म्हणायचे. ते खरंही होतं. त्यांच्या रागामुळे काही लोकांची अडलेली कामं झाली. पण त्याच रागाचा उरलेला भाग रोज संध्याकाळी घरी यायचा. आम्ही भावंडं त्यांच्या चपलेच्या आवाजावरून आजचा दिवस कसा जाणार ते ओळखायचो. मी आज बावन्न वर्षांची आहे आणि शेजारच्या घरात दार जोरात आपटलं तरी माझे खांदे आखडतात.

राग उपयोगी असतो म्हणता, तर कोणाला उपयोगी? ज्याला येतो त्याला विचारून हा हिशेब पूर्ण होत नाही. ज्याच्यावर निघतो त्यालाही विचारा. ज्यांनी षड्रिपू लिहिले त्यांच्या घरातही कोणी तरी तो चपलेचा आवाज ऐकला असेल, असं मला वाटतं.

सांजवारा

उंबरठा, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. हे मी विचारातच घेतलं नव्हतं. माझ्या मत्सराने मला परीक्षेला बसवलं हे मी सांगितलं. पण त्या वर्षभरात मी त्या मुलीशी कशी वागले, हे लिहायचं टाळलं. चांगली वागले नाही.

पाणकणीस

उंबरठाताई, तुमचं पटलं, पण त्यावरून "राग गिळावा" असा निष्कर्ष काढू नये असं वाटतं. मी गिळणाऱ्यांच्या घरातला आहे. आमच्याकडे आवाज कधीच चढला नाही. आई पंचवीस वर्षं गप्प राहिली, आणि एक दिवस शांतपणे बॅग भरून निघून गेली. तिने दहा वेळा भांडण केलं असतं तर कदाचित वडिलांना कळलं असतं की काहीतरी दुखतंय. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

टकटक

म्हणूनच म्हणतात, राग बाहेर काढून टाकावा. उशीवर चार गुद्दे घाला, मोकळं वाटतं.

ओंजळ

टकटक, हा उपाय तपासून झालाय आणि तो उलटा पडतो. मी मानसशास्त्र शिकवते. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम डिवचलं होतं. मग एका गटाला डिवचणाऱ्याचा विचार करत गुद्दे मारायच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं, दुसऱ्याला व्यायामाचा विचार करत ठोसे मारायला, आणि तिसरा गट नुसता बसून राहिला. सगळ्यात जास्त राग पहिल्या गटात उरला, सगळ्यात कमी नुसतं बसलेल्यांत. माणसाला आठवून ठोसे मारणं म्हणजे रागाची उजळणी. पाढे पाठ होतात तसा तो पाठ होतो.

म्हणून कोंडायचा का? तेही नाही. दोन गोष्टींनी उपयोग होतो असं दिसलंय. एक म्हणजे लिहिणं. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. लिहिताना त्यांना वाईटच वाटलं, पण प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. दुसरी गोष्ट म्हणजे नेमकं नाव देणं. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात, चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की अमिग्डालाची हालचाल मंदावलेली दिसली.

गुद्द्यांपेक्षा शब्द बरा.

तळटीप

शब्दांचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही.

मराठीत रागाला किती नावं आहेत बघा. चिडणं, वैतागणं, चरफडणं, धुमसणं, फणफणणं, फुरंगटणं, रुसणं, संतापणं, त्रागा करणं. ही एकाच अर्थाची नाहीत. चरफडणारा काही करू शकत नाही, म्हणून चरफडतो. रुसणाऱ्याला कोणी तरी समजूत काढायला येईल याची खात्री असते. परक्यावर कोणी रुसत नाही. त्रागा करणारा दुसऱ्यावरचा राग स्वतःवर काढतो. "मला राग आलाय" यापेक्षा "मी चरफडतोय" हे कळलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: माझ्या हातात काय नाही?

आणि सांजवारा, तुमचा मत्सर. डच भाषेत हेव्यासाठी दोन शब्द आहेत, बेनायडन आणि आफ़्खुन्स्त. पहिल्यात मी तिच्याएवढी व्हावी असं वाटतं, दुसऱ्यात तिला खाली ओढावं असं. नील्स फान द फेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं की ज्या भाषेत एकच शब्द आहे तिथल्या माणसांनाही हे दोन्ही अनुभव वेगवेगळे येतात. आपल्याकडे तर शब्दही आहेत. "हेवा वाटावा असं अक्षर" हे कौतुक आहे. "ईर्षेने खेळले" हीसुद्धा शाबासकीच. पण "मत्सराने खेळले" असं कोणी म्हणतं का? पोटदुखी आणि जळफळाट तर उघड उघड दुसऱ्याच टोकाचे. फळ्यावरच्या यादीत मत्सर आहे, हेवा नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

सांजवारा

मग माझ्यात दोन्ही होते. हेव्याने अभ्यास केला आणि मत्सराने तिच्याशी बोलणं तोडलं.

मुक्कामपोस्ट

मद कोणी घेणार का? त्याचा काही उपयोग आहे असं मला तरी दिसत नाही. :)

कवडसा

मदाचा नाही, पण अभिमानाचा आहे. २००४ च्या ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकमधल्या जुदोपटूंच्या छायाचित्रांवरून एक अभ्यास झाला. सामना जिंकल्यावर जन्मांध खेळाडूही तेच करतात जे डोळस करतात: हात वर, छाती पुढे, डोकं मागे. त्यांनी हे कोणाचं बघून शिकलेलं नसणार. "मला जमलं" हे सांगायची सोय शरीरातच आहे.

रानजाई

मी इच्छेबद्दल लिहिणार आहे, कारण सगळे रागावरच थांबलेत आणि यादीत पहिला काम आहे. काम म्हणजे इथे कुठलीही वासना, कुठलीही ओढ, असं मी धरते.

चार वर्षांपूर्वी मला नैराश्याचा आजार झाला. लोकांना वाटतं नैराश्य म्हणजे खूप दुःख. मला दुःख नव्हतंच. मला काहीच नको होतं. जेवण नको, माणसं नकोत, झोप नको आणि जागही नको. जी अवस्था मिळवायला लोक आयुष्य वेचतात ती निरिच्छता मला फुकट मिळाली होती आणि ती भयानक होती. अंघोळीला उठायचं तर "उठावंसं वाटणं" लागतं, ते कुठून आणायचं?

औषधं सुरू होऊन काही आठवडे गेले. एके दिवशी बसमध्ये समोरच्या बाईंच्या गळ्यात निळी ओढणी होती आणि माझ्या मनात आलं, अशी मला हवी. बस्स, एवढंच. मी पुढच्या थांब्यावर उतरून रस्त्यात रडले. लोभ म्हणा, मोह म्हणा, मला तो परत आलेला जीव वाटला. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हेच सर्वांत आधी सांगितलं आणि त्यांनीही ते लिहून घेतलं.

ओंजळ

रानजाई, तुमचा हा अनुभव प्रयोगशाळेतही दिसलाय. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन जवळजवळ नाहीसं केलं. समोर खाणं असूनही ते उंदीर खायला जाईनात. भरवलं नाही तर उपाशी मरायची वेळ. पण जिभेवर गोड थेंब ठेवला की ते पहिल्यासारखेच ओठ चाटायचे. म्हणजे आवडणं शाबूत होतं, फक्त 'हवंसं वाटणं' गेलं होतं. मेंदूत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

याची दुसरी बाजूही आहे. व्यसनात नेमकं उलट होतं: आवडेनासं होतं, तरी हवंहवंसं वाटणं वाढतच जातं. षड्रिपू लिहिणाऱ्यांनी बहुधा हे टोक पाहिलं होतं. रानजाईंनी दुसरं पाहिलं.

पाणकणीस

बौद्ध विचारातही यासाठी दोन शब्द आहेत. तण्हा म्हणजे तहान, ती दुःखाचं कारण. आणि छंद म्हणजे काही करण्याची इच्छा, जी चांगल्या कामासाठी लागतेच. मराठीत छंद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोस्टाची तिकिटं येतात, पण शब्द तोच.

टकटक

उशीचा सल्ला मागे घेतो. :) आता खरा प्रश्न. मला काळजी करायची सवय आहे. दार लावलं का, गॅस बंद केला का. दहापैकी नऊ वेळा सगळं ठीक असतं. याचा काय उपयोग?

नाडीपरीक्षा

रँडॉल्फ नेसी नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी यासाठी धुराच्या घंटेचं उदाहरण दिलंय. घरात धूर ओळखणारी घंटा बसवली तर ती कधी कधी नुसत्या करपल्या वासानेही वाजते. आपण ती चालवून घेतो, कारण उगाच वाजली तर दोन मिनिटं जातात आणि खरी आग असताना वाजली नाही तर घर जातं. शरीराने भीती आणि काळजी याच हिशेबाने बसवलीय. त्यामुळे दहापैकी नऊ वेळा खोटी ठरणारी काळजी बिघडलेलीच असेल असं नाही.

पण टकटक, घंटा थांबतच नसेल, तपासून आल्यावरही पुन्हा पुन्हा उठावं लागत असेल, झोप जात असेल, तर ती घंटा दुरुस्त करून घ्यायची असते. त्याला उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. "भावना उपयोगी असतात" हे ऐकून कोणी उपचार टाळू नयेत, हे मला स्पष्ट लिहायचंय.

टकटक

पुन्हा उठावं लागतं. विचारतो कोणाला तरी. आभार.

उंबरठा

दोन दिवसांनी परत आले. सगळं वाचलं.

माझं मत फार बदललं नाही, पण एक गोष्ट कबूल करायची आहे. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांची सेवा केली, आणि एकदा त्यांनी पाण्याचं भांडं भिरकावलं तेव्हा मी म्हटलं, "यापुढे असं झालं तर मी खोलीबाहेर जाईन आणि तुम्ही शांत झालात की येईन." आवाज चढवला नाही. हात थरथरत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असं बोलले आणि नंतर तसं वागलेही. त्यांनी पुन्हा काही फेकलं नाही.

ते बळ मला प्रेमाने दिलं असं मी इतकी वर्षं सांगत आले. इथे वाचताना लक्षात आलं, तो राग होता. माझा स्वतःचा. तो वडिलांच्या रागासारखा दिसत नव्हता म्हणून मी ओळखला नाही.

तळटीप

उंबरठा, नमस्कार स्वीकारा.

सांजवारा

आज लेकीला सांगितलं. सगळं नाही, तिला झेपेल तेवढं. हातमोज्यांची गोष्ट सांगितली, यंत्र बंद करणाऱ्या माणसांची. ती म्हणाली, "मग दुखलं की आधी बघायचं, कुठे." मी हो म्हटलं.

थोड्या वेळाने स्वतःच जवळ आली. तिच्या वर्गात एक मुलगा बोलताना अडखळतो. काही जण त्याची नक्कल करतात. परवा सगळे हसले तेव्हा तीही हसली, आणि घरी आल्यावर उगाचच धाकट्या भावावर खेकसली. "मला राग त्याचा नव्हताच आला," ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

आता आम्ही दोघी बसून, ती त्या मुलाला काय म्हणेल आणि बाईंना काय सांगेल, ते कागदावर लिहितोय. पहिली तीन वाक्यं तिने खोडली आहेत. त्यानंतर मलाही एक पत्र लिहायचंय, त्या जुन्या सहकारी मुलीला. नोकरी सोडल्यापासून आमचं बोलणं नाही.

उंबरठा

तिला सांगा, आवाज चढवायची गरज पडणार नाही. हात थरथरले तर थरथरू दे. आणि उद्या काय झालं ते इथे नक्की लिहा, मी वाट बघतेय.